काकांनी आणलेलं वायरचं बंडल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर कळवणच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाईंचे, असं मी लगेच सांगेन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पावसाळ्यात घरचं भात, उरलेलं वर्ष आई-वडील दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत कामाला. इंजिनिअरिंगचा फॉर्म बाईंनीच भरायला लावला आणि पहिल्या दिवशी माझ्याबरोबर एसटीने नाशिकला आल्या. वसतिगृहाच्या फाटकापर्यंत माझी वळकटी एका बाजूने त्यांनी धरली होती. आता त्यांना ऐकू येत नाही. फोनवर बोलणं होत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहितो.

मी एका दुकानात होम थिएटर बसवण्याचं काम करतो. या कामात एक गोष्ट रोजची आहे. सगळं जोडून झालं की सोफ्याच्या बरोबर मधल्या जागेवर बसून आवाज तपासायचा असतो. मागचे स्पीकर, पुढचे स्पीकर, सगळं जुळलं की मी घरच्यांना हाक मारतो. ते येऊन बसतात, मी उठतो आणि हत्यारं पिशवीत भरतो. सातपूरला माझी भाड्याची खोली आहे. तिथे साधा टीव्हीही नाही. एकट्याने काय बघायचं?

गंगापूर रोडच्या एका जुन्या बंगल्यात मात्र मला उठावं लागलं नाही. तिथे एक काका एकटेच राहायचे. धरणांच्या कामावर नोकरी झालेली, बायको वारलेली, मुलगा परदेशात. होम थिएटर त्यानेच पाठवलेलं. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा काकांनी गाव विचारलं, आणि कळवण म्हटल्यावर ते तिकडच्या रस्त्यांबद्दल तासभर बोलत राहिले.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," ते म्हणाले. "एका माणसाचा चहा मला जमत नाही रे. सवयीने दोन कपच होतो."

त्यानंतर काम असो नसो, रविवारी मी तिकडे जायला लागलो.

मागच्या दोन स्पीकरांची वायर भिंतीतून वर न्यायची, कौलांखालच्या पोटमाळ्यावरून पलीकडे काढायची आणि मागच्या भिंतीतून खाली उतरवायची होती. कसली वायर लागेल ते मी काकांना समजावलं. अंतर जास्त, म्हणून जाड पाहिजे. आत शुद्ध तांबं पाहिजे. आणि एकदा भिंतीत बंद होणार, म्हणून वरचं आवरण आग पुढे न पसरवणारं पाहिजे. वायर मी दुकानातून आणणार होतो. पण पुढच्या रविवारी गेलो तर काका दारातच बंडल घेऊन उभे.

"मेन रोडला जाऊन आणलं. अस्सल तांबं! दुकानदाराला दोनदा विचारलं."

त्यांनी ते दोन्ही हातांनी मला दिलं. आमच्याकडे मोठ्या माणसाने हातात दिलेली वस्तू त्याच्यासमोर उलटसुलट करून बघत नाहीत. लुगडं असो, बियाणं असो, घ्यायचं आणि कपाळाला लावायचं. मी बंडल कपाळाला लावलं.

काका हसायला लागले. "अरे, प्रसाद आहे का तो?"

मी ते सोललं नाही, आवरणावर काय छापलंय तेही वाचलं नाही. भिंतीला खाच पाडून वायर आत बसवली आणि गवंड्याने वरून प्लास्टर केलं. पाइपसुद्धा घातला नाही. रंग झाला, स्पीकर लागले. काकांनी क्रिकेटची एक जुनी मॅच लावली आणि मागे वळून वळून बघायला लागले.

"मागून माणसं ओरडतायत असं वाटतं रे! घर भरल्यासारखं वाटतं."

उरलेला तुकडा माझ्या पिशवीत राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात दुसऱ्या कामासाठी तो सोलताना चाकू तारेवर घासला गेला आणि लाल रंगाखाली पांढरं दिसलं. अ‍ॅल्युमिनियम. तांब्याचा नुसता मुलामा. मी काडी ओढून आवरणाला लावली. चांगल्या वायरीचं आवरण काडी बाजूला केली की विझतं. हे विझलं नाही. ज्योत तुकड्यावरून वर चढत माझ्या बोटांपर्यंत आली आणि खाली काळे थेंब पडले.

मी दुकानाच्या शेठना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"स्पीकरच्या वायरीत करंट असतो तरी किती? आवाज येतोय ना? मग गप बस. भिंत फोडायला गेलास तर म्हातारा तुला परत दारात उभा करणार नाही."

शेठचं अगदीच खोटं नव्हतं. बहुतेक वेळा काही होत नाही. पण पोटमाळ्यावर उंदीर होते, जुन्या गोधड्या होत्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. कुठेही ठिणगी पडली तर ती वायर आग एका खोलीतून दुसरीकडे घेऊन जाणार होती. त्याच पोटमाळ्याखाली काका झोपायचे. आणि सांगितलं तर शेठ म्हणाले ते होणार होतं. या शहरात माझी वाट बघणारं तेवढं एकच घर होतं.

दोन रविवार मी गेलो, चहा प्यायलो आणि काही न बोलता परत आलो. तिसऱ्या रविवारी तुकडा बरोबर नेला. मोरीत उभं राहून काकांसमोर तो पेटवला.

काकांनी वाकून ते काळे थेंब पाहिले. "दोनदा विचारलं होतं मी त्याला," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू का नाही तपासलंस?"

"तुम्ही हातात दिली होती."

"मी दिलं म्हणून विष खाशील? शिकलायस कशाला मग?"

मी जळत्या तुकड्यावर पाणी ओतलं.

"कधी कळलं हे तुला?"

"तीन आठवडे होत आले."

त्यांनी मान हलवली. "तीन आठवडे मी याच्याखाली झोपतोय. आणि तू समोर बसून चहा पितोयस." ते आत गेले. आतूनच म्हणाले, "उद्या गवंडी घेऊन ये. काम कर आणि जा."

काम दोन दिवसांत झालं. त्यानंतरच्या रविवारी मी खोलीवर बसून बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात ज्या काकांबद्दल लिहिलं होतं, त्यांच्या घरात माझ्या हातून चूक झाली. भिंतीत वाईट वायर बंद केली, आणि कळल्यावरही तीन आठवडे बोललो नाही. आता ती सगळी काढली आहे. नवी वायर त्यांच्यासमोर सोलून आणि पेटवून दाखवली, मगच वापरली. पाइपातून नेली आहे, म्हणजे पुन्हा कधी बदलायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. विजेच्या वायरींपासून ती लांब ठेवली आहे. काका खुर्ची टाकून दोन्ही दिवस बघत बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. चहा झाला नाही. निघताना मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.

शेठ म्हणतात, गिऱ्हाईक घालवलंस. बाई, मला गिऱ्हाईकाचं वाईट वाटत नाही. आज रविवार आहे आणि सकाळपासून मी कुणाशी बोललेलो नाही, त्याचं वाटतं. ते तिकडे सुरक्षित झोपत असतील, एवढं बरं वाटतं.

वायर न तपासणं ही चूक त्यांना मी समजावू शकेन. तीन आठवड्यांचं काय सांगू, ते मला सुचत नाही. न बोलावता पुढच्या रविवारी त्यांच्या दारात जावं का? तुम्ही दोन ओळी लिहून कळवा. जा म्हणालात तर जाईन.

आपला विद्यार्थी