मावसभावाची जावा आणि हसनाबादच्या काकू

माझ्या मावसभावाकडे कुठलीही सोपी गोष्ट समजून घ्यायला गेलं, की ती पुन्हा म्हणून सोपी राहत नाही. राजूरला घरी बसून तो कुठल्याशा कंपनीसाठी जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो आणि माझ्या कापडाच्या दुकानात येऊन मला ते समजावतो. माहिती साठवणारा डेटाबेस म्हणे सगळं सरळ ओळींत देतो. जावाला मात्र घराच्या पोटात माणसं, अशी एकात एक मांडणी लागते. मी मान हलवतो. मान हलवली की तो आणखी सांगतो. एकदा जेवताना त्यानं हेच ताट-वाटीवर समजावलं. वरण गार झालं आणि वाटी ताटात का ठेवतात, याचीच मला शंका यायला लागली.

त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका कुणाला द्यायच्या, हेही त्यानं जावालाच विचारलं. घरांचा एक तक्ता, लेकरांचा दुसरा, दोन्ही जोडले. पिंपळगाव रेणुकाईच्या मामांना चार लेकरं, म्हणून ओळी चार आल्या आणि जावानं दर ओळीला नवा मामा तयार केला. मामांनी चारही पत्रिका ठेवून घेतल्या आणि चारदा जेवायला येतो म्हणून कळवलं. मग यानं प्रोग्रॅमला बजावलं, मामा आधीच असेल तर दुसरा करू नको, लेकरू त्याच्यातच टाक. हे मला जवळजवळ कळलं होतं.

पण लग्न तोंडावर आल्यावर मावशीनं विचारलं, हसनाबादच्या काकूंना पत्रिका पोचली का? पोचली नव्हती. काकूंना मूलबाळ नाही. लेकरांच्या तक्त्यात त्यांच्या घरची ओळच नव्हती, त्यामुळे तक्ते जोडताना काकूच गळून पडल्या. आणि शाळेची सगळी वर्षं हा गडी त्यांच्याच घरी राहिलेला. त्याचा चेहरा बघवेना.

आम्ही तसेच पत्रिका घेऊन मोटरसायकलवर निघालो. रस्ताभर तो जोडताना डावीकडचा, म्हणजे घरांचा, तक्ता पुरता कसा राखायचा ते सांगत होता. डावीकडे मला नुसती कपाशी दिसत होती. काकूंपुढेही त्यानं माफी मागायची सोडून तक्तेच मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला त्यातलं काई कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण लेकरू न्हाई म्हणून माझं नाव गळालं म्हंतो, मंग इतकी वर्षं माझ्या घरी कोण जेवून राह्यल्तं?"

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काकूंच्या नावाखाली, लेकराच्या जागी, स्वतःचं नाव लिहिलं. या एका ओळीचा अर्थ मात्र त्यानं मला आजवर समजावलेला नाही, आणि मीही विचारलेला नाही.