पहिल्या ओळीतले फ्लॉवरसर

फ्लॉवरसरांचं खरं नाव क्लबातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवत नाही. हे नाव त्यांना कानांनी मिळवून दिलं. रग्बी खेळताना वर्षानुवर्षं डोक्यावर डोकी घासून दोन्ही कान असे सुजले, वळले आणि तसेच कडक झाले, की एकदा भाजीवालीनंच विचारलं, "हे कसे दिले हो पाव किलो?" सर इतके खूश झाले, की दिवसभर लाँड्रीत भेटेल त्याला तेच सांगत सुटले.

लाँड्री हॉस्पिटलची. सर सकाळच्या पाळीला. वाफेच्या रोलरमधून गरमागरम चादर बाहेर पडते, ती दोघांनी दोन टोकं धरून झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. समोरच्या टोकाला जी मुलगी असायची, तीच पुढे बायको झाली. "आमचं काही प्रेमबिम नव्हतं," ती सांगते. "दिवसातून शंभरदा जवळ यायचो, शेवटी मागे सरायचा कंटाळा आला."

पण सरांचं खरं आयुष्य लाँड्रीच्या मागच्या मैदानावर गेलं. रग्बीतला स्क्रम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांच्या खांद्यात हात घालून वाकतात, पुढच्या तिघांची डोकी समोरच्या तिघांच्या डोक्यांत अडकतात, मधे बॉल टाकतात आणि मग एकच, ढकला! पुढच्या ओळीत कडेला जो उभा असतो तो प्रॉप. मागच्यांचं सगळं वजन त्याच्या मानेवर. मान तयार नसेल तर माणूस मोडतो. म्हणून नियमच आहे, पहिल्या ओळीत शिकलेलाच माणूस हवा.

सर विशीत होते तेव्हा काटकुळे होते आणि मैदानाच्या कडेनं बॉल घेऊन पळायचे. एका मॅचला त्यांच्या टीमचा प्रॉप लंगडत बाहेर गेला. तेव्हाच्या कोचनं रेफरीला बिनदिक्कत सांगून टाकलं, "हा आहे ना! हा खेळतो की पुढे!" सर पुढच्या ओळीत कधी खेळले नव्हते. पण नाही म्हणायची टाप नव्हती.

समोरचा प्रॉप पेशानं खाटीक, भरल्या पोत्यासारखा माणूस. दोघांची डोकी अडकली, मागून रेटा आला आणि सरांची मान भलतीकडेच वळायला लागली. खाटकाला ते कानाशी लागलेल्या कानातून कळलं असावं. त्यानं ढकलायचं सोडलं. उलट सरांची जर्सी मुठीत धरून त्यांना वर पेलून धरलं. मागून त्याचेच गडी बोंबलत होते, "ए, झोपलास का?" रेफरीनं शिट्टी मारून त्याच्यावरच पेनल्टी दिली. तो सरांच्या कानात एवढंच पुटपुटला, "हलू नको. श्वास घे. आज धरतो. पुढच्या वेळी शिकून ये."

शिकायचं कुणाकडे? सर दर सुट्टीला त्याच्याकडेच जाऊ लागले. दुकानामागच्या फरसबंद अंगणात खाटकानं त्यांना वाकायला शिकवलं. "पाठ सपाट! हनुवटी वर! पायाकडे काय बघतो, पाय पळून जाणारेत?" पुढे दोघं अनेक वर्षं एकमेकांसमोर वाकले आणि कुणी कुणाला सवलत दिली नाही. सर आजही नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात, "माझ्या मानेवर डोकं आहे ते त्या माणसाच्या कृपेनं." बायको जवळपास असली तर म्हणते, "डोकं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गुडघे कुरकुरायला लागल्यावर सर कोच झाले. अधूनमधून चहा, वर्षाला एक ट्रॅकसूट, बाकी पदरमोड. टीम साधीच होती, पण स्क्रम मात्र असा, की मोठ्या क्लबांचे गडी त्यांना टाळून बॉल बाहेर मारायचे. याच स्क्रमच्या जोरावर लाँड्रीमागचा क्लब वरच्या गटात चढला होता. आणि आता, मोसमाच्या शेवटच्या मॅचला, जिंकलो तर वरच टिकलो, हरलो तर खाली, असं येऊन ठेपलं होतं.

त्यात टीममध्ये सरांचा जावई. चष्म्याच्या दुकानात काम करतो, नखाएवढे स्क्रू बसवतो आणि अंगापिंडानं दोन दारी कपाट. तो दुसऱ्या ओळीत, म्हणजे प्रॉपच्या मागून रेटायला. सर इतरांवर "अरे गधड्या, वाक की!" म्हणून ओरडायचे आणि त्याच दमात, "जावईबापू, आपणही जरा वाकता का?" पोरांना तेवढंच पुरे. कपडे बदलायच्या खोलीत रोज नक्कल चाले: "जावईबापू, राग नसावा, पण समोरच्याला पाडता का? घाई नाही. सवडीनं पाडा."

मॅच रंगली. शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली होती, सरांची टीम चार गुणांनी पुढे होती, समोरचा स्क्रम मागे मागे सरकत होता. आणि सरांचा एक प्रॉप खांदा धरून खाली बसला. बदली प्रॉप आधीच डोक्याला पट्टी बांधून बाकावर होता. आणखी बदली प्रॉप नव्हताच. बाहेर ताजातवाना माणूस एकच: पाळी संपवून उशिरा पोचलेला, अजून न खेळलेला जावई. त्यानं जॅकेट काढलंसुद्धा.

रेफरी शाळेत गणित शिकवायचा. तो सरांपाशी आला. "पहिल्या ओळीत खेळलेला माणूस आहे का? मी दुसऱ्यांदा विचारत नाही."

क्लबचे अध्यक्ष, रंगाच्या दुकानाचे मालक, मागून धावले. "आहे ना! म्हणजे कसंय, एकच तर ओळ पुढे यायचंय!"

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारतोय. आहे का?"

सरांना पक्कं ठाऊक होतं. हो म्हटलं तर स्क्रम चालू राहील आणि जिंकण्यासारखं आहे. नाही म्हटलं तर नियमानं पुढचे सगळे स्क्रम बिनधक्क्याचे. नुसतं वाकायचं, टेकायचं, ज्याचा बॉल त्याला मिळणार. म्हणजे आपला एकुलता एक हुकमी पत्ता आपल्याच हातानं फाडायचा. जावई शेजारी उड्या मारून अंग गरम करत होता. "सर, हो म्हणा. मी घेतो."

सरांनी त्याच्या मानेकडे पाहिलं. जाड होती. पण शिकलेली नव्हती.

"नाही," सर म्हणाले.

"नक्की? मी दुसऱ्यांदा विचारत नाही."

"तिसऱ्यांदा विचारलंत तरी नाहीच."

जावई मैदानात गेला, बिनधक्क्याच्या स्क्रममध्ये शो-केसमधल्या पुतळ्यासारखा टेकून उभा राहिला. समोरच्यांना आता मागे रेटणारं कुणी नव्हतं. त्यांचे पळणारे मोकळे सुटले. शेवटच्या मिनिटाला त्यांनी कोपऱ्यात बॉल टेकवला, त्याचे पाच गुण मिळाले आणि ते एका गुणानं जिंकले.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कसंय, आपण खाली गेलो."

"गेलो," सर म्हणाले आणि चिखलानं माखलेल्या प्रत्येक गड्याचा हात हातात घेऊन आभार मानत फिरले. खांदा दुखावलेल्या प्रॉपचे तर त्यांनी बूटही सोडून दिले. जावई कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"एक विचारू? तिथं नाही कोण म्हणालं? कोच, की माझे सासरे?"

सर त्याच्या शेजारी बाकावर बसले. "कोच म्हणाला. सासऱ्यानं नुसती मान डोलावली."

"सगळ्यांसमोर मला बिनकामाचा ठरवलंत."

"बिनकामाचे नाही. न शिकलेले. शिकवायचं काम माझं होतं. घरचा माणूस म्हणून मी तुम्हाला मागेच ठेवलं, ती चूक माझी. तिची किंमत तुमच्या मानेनं कशाला द्यायची?"

जावयानं तोंड भिंतीकडेच ठेवलं. पण बाकावरून उठला नाही.

मॅचनंतर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं, ही रग्बीची रीत. क्लबच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडलेली, दोन्हीकडचे गडी मिसळून बसलेले, सूप, पाव, उकडलेले बटाटे. जावयाच्या शेजारी नेमका समोरच्या टीमचा प्रॉप येऊन बसला. प्लंबर होता, मनगटं नळासारखी.

"तू येणार होतास ना माझ्यासमोर?" त्यानं पाव मोडत विचारलं. "बरं झालं नाही आलास. आमच्या कोचनं सांगूनच ठेवलं होतं, नवा आला की खालून घुसायचं. मी घुसलोच असतो रे. मॅचमध्ये मी काय सोडतो होय?" आणि त्यानं तळहात टेबलाखालून वर असा उचलला, की सुपाच्या वाट्या हिंदकळल्या.

जावयाचा चमचा हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूच खाली ठेवला आणि हात मानेमागे नेऊन बसला.

सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बायकोच्या शेजारी. ती म्हणाली, "जेवताय का? का अजून मॅच चालू आहे?"

"जेवतो ना," सर म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिकडेच. बटाट्यांचं मोठं भांडं हातोहात फिरत होतं. ते उजवीकडून येताना जावयानं मान उजवीकडे वळवली. प्लंबरनं ते मधेच पळवून पलीकडे दिलं, तेव्हा त्यानं चिडून मान डावीकडे फिरवली. मग टीममधल्या एका पोरानं मागून हाक मारली तशी पार खांद्यावरून मागे.

सर बघत राहिले. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ते बाहीला पुसले आणि बायकोला म्हणाले, "सूप गरम आहे फार."

"तुमचं अजून वाढलेलं नाही," बायको म्हणाली आणि तिनं स्वतःची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.