अ‍ॅडजस्ट आणि काकवीचा डबा

बी.ए.ला मी इंग्रजी घेतलं होतं आणि त्याचा माज माझ्या चालण्यातसुद्धा दिसायचा. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मास्तरकीच्या दोन मुलाखतींत आपटी खाऊन झाली होती, तिसरी सांगलीच्या एका हायस्कुलात होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं की ही हुकली तर गुमान उसात उतरायचं. माझी अजिबात तयारी नव्हती. पाचटानं अंग कापतं, शिवाय उसाला इंग्रजी कळत नाही.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि ही झुंबड उडाली. जागा धरायची रीत तेव्हा एकच. खिडकीतून रुमाल टाकायचा आणि मग दारातून धक्के खात आत शिरायचं. रुमालाच्या जागेवर दुसरं कुणी बसत नसे. माझा रुमाल नेमका घरी राहिला होता. मग मी अक्कल पाजळली आणि सर्टिफिकिटांची अख्खी फाईलच खिडकीतून भिरकावली.

आत पोचलो तर तिघांच्या बाकावर आधीच तिघं. खिडकीशी एक म्हातारी, तिच्या मांडीवर माझी फाईल आणि फाईलवर काकवीचा डबा. लेकीकडे निघाली होती, नवं लुगडं खराब होऊ नये म्हणून हाताला लागलं ते तिनं डब्याखाली घेतलं होतं. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, जरा अ‍ॅडजस्ट कर की लेकरा.

झालं, माझं टाळकं सटकलं. डब्याकडे बघायचं सोडून मी त्या शब्दाच्या मागे लागलो. अ‍ॅडजस्ट घड्याळाचे काटे करतात, तागडी करतात, बरोबर जुळवून आणणे असा त्याचा अर्थ आहे, बाकावर सरकायला आपल्याकडे चांगला 'सरक' आहे, असं मी तिला उभ्या उभ्या ऐकवलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हातारी डबा सावरत म्हणाली,

"सरक म्हटलं की मानूस भांडतंय. अ‍ॅडजस्ट म्हटलं की सरकतंय. माझा ल्योक मिलिटरीत हाय, त्येनंच शिकिवलंय."

गाडीभर हशा पिकला. बाकावरचे तिघंही थोडे सरकले आणि मी टेकलो. अर्धा बाकावर, अर्धा हवेत, असा कराडच्याही पुढपर्यंत गेलो. सांगलीत तिनं पदरानं पुसून फाईल परत दिली. डब्यातली काकवी पाझरली होती, फाईल हाताला चिकटली.

मुलाखतीला हेडमास्तर आणि संस्थेचे अध्यक्ष होते. एक साधं इंग्रजी क्रियापद घ्या, अर्थ, उगम आणि वापर सांगा, म्हणाले. जिभेवर दुसरं काही येईचना. अर्थ घडाघडा सांगितला. उगम कॉलेजच्या जाडजूड कोशात वाचला होता. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, मुळात त्याचा अर्थ जवळ आणणे. हे बोलताना मीच चपापलो, कारण म्हातारी बरोबर होती. वापर विचारल्यावर खोटं बोलवेना, बसमधलं सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष पोट धरून हसले आणि त्यांनी सर्टिफिकिटं मागितली.

मॅट्रिकचं सर्टिफिकीट बी.ए.च्या सर्टिफिकिटाला असं बिलगलं होतं की ओढताना चर्र वाजलं. वरून एक मुंगीही निघाली. हेडमास्तरांनी बोट लावलं, वास घेतला आणि घरी ऊस आहे का, विचारलं. तीन एकर, मी कबूल केलं. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, "इंग्रजीची जागा कालच भरली हो. शेतीच्या विषयाला मात्र मास्तर मिळत नाही. जरा अ‍ॅडजस्ट कराल का?"

आणि मी, सातारच्या स्टँडवर त्या शब्दावरून भांडलेला माणूस, लगेच सरकलो.

घरी गेलो तेव्हा आप्पा अंगणात घोंगड्यावर बसले होते. नोकरी लागली, पण पोरांना ऊस शिकवायचाय, असं मी मान खाली घालून सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आन् ऊस लावायचा कसा, ते कुणाला इचारणार?"

"तुम्हाला," मी म्हणालो.

आप्पांचं हसू थांबलं. ते घोंगड्यावर थोडे सरकले, आणि मी त्यांच्या शेजारी बसलो.