मावशींनी बंद करू न दिलेलं यंत्र

रुग्णालयाच्या वाचा-उपचार विभागात संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. वय निवृत्तीला टेकलेलं आणि जीभ अशी की मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा दार वाजवून आत येत. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आधी इथे ध्वनिमुद्रित होई. ते सगळे आवाज एकाच डिस्कवर. मावशींना त्याची धास्ती, म्हणून प्रत काढायला त्यांनी नवी डिस्क दुसऱ्या खणात बसवली.

मावशी शिकल्या त्या जुन्या युनिक्स यंत्रावर. तिथे डिस्कचं नाव खणावरून ठरे. पहिल्या खणातली जन्मभर पहिली. इथल्या संगणकावरचं लिनक्स मात्र चालू होताना जी आधी सापडेल तिला ‘ए’ म्हणतं, नंतर सापडेल तिला ‘बी’. मावशींना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण हातांची सवय कुठली सुटते? नवी समजून त्यांनी ‘बी’चा विभाग-तक्ता पुसला, म्हणजे कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ती यादीच.

यंत्राने कळवलं: डिस्क वापरात आहे.

नवी कोरी डिस्क कोण वापरणार? म्हणजे या वेळी नवी आधी सापडली होती, आणि ‘बी’ होती आवाजांची जुनी डिस्क!

“अहो, बंद करून चालू करा ना,” दारात आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बटणाला हात लावाल तर याद राखा! चालू आहे तोवर याला जुने भाग आठवताहेत. बंद केलं की विसरेल. आधी आवाज नव्या डिस्कवर उतरवून घेते. चूक माझीच आहे बाई, ओरडा नंतर.”

बाहेर एक बस कंडक्टर बसला होता. शस्त्रक्रियेला आठवडा झालेला, आज स्वतःचा आवाज घरी न्यायला आलेला. त्याच्यापासून लपवणं मावशींना जमेना.

“दादा, तुमचा आवाज माझ्या हातून जात होता. अजून वाचलाय म्हणवत नाही.”

कंडक्टर उठला, खुर्ची उचलून आत आला आणि प्लगला पाठ लावून बसला. दोन तास हलला नाही. मावशींनी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

सगळे आवाज उतरले. मग यंत्राच्या आठवणीतले आकडे तीनदा ताडून मावशींनी तक्ता पुन्हा लिहिला, यंत्र बंद करून चालू केलं आणि जुन्या डिस्कवरचा कंडक्टरचाच आवाज लावला.

“चला, आत सरका! दार सोडा!”

दारात उभ्या डॉक्टरीणबाई झटकन आत सरकल्या. कंडक्टर पोट धरधरून हसला, जराही आवाज न होता. मावशींना मात्र रडू आवरेना.