कुत्रं जानार न्हाई

बाईंनी दाराची बेल कधी वाजवली नाही. लोखंडी जाळीवर हातातल्या रुपयाने दोनदा टकटक करायच्या, आणि आपण दार उघडेपर्यंत त्यांचं निम्मं बोलून झालेलं असायचं. "अगं पोरी, टाकीचं पानी बंद कर, वरनं वाहतंय!" एवढं सांगून त्या जिना उतरायलाही लागलेल्या असत.

नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता. तो गेल्यावर या कंडक्टर झाल्या आणि पाथर्डी डेपोतूनच निवृत्त झाल्या. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, मी त्यांच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर. नोकरी सुटली, पण आवाज काही सुटला नाही. किराणा दुकानात गर्दी झाली की मागून ऐकू यायचं, "फुडं सरका, जागा हाय." लोक मुकाट्याने सरकायचे. जागा असो वा नसो.

शेवटच्या ड्युटीच्या दिवशी डेपोतलं एक तांबडं गावठी कुत्रं त्यांच्या मागे मागे घरापर्यंत आलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं डबल. डबल बेल दिली की गाडी निघते, तसं हे निघालं, म्हणून. सकाळी दोघं फिरायला जायची तेव्हा कोण कोणाला ओढतंय, तुम्हालाही सांगता आलं नसतं.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं, तेव्हाची ही गोष्ट. जिन्याच्या भिंतीवर मिरीचे दाणे चालताना दिसू लागले. गोचीड. आधी एक, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं. डबलच्या कानात तर एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले बसलेले. आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या नातीच्या कानामागे एक निघाला. पोर घाबरून किंचाळली, तिची आई त्याहून जोरात.

अण्णा सोसायटीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता, पण नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याच संध्याकाळी गच्चीवर मीटिंग बसली. कोणी म्हणालं, टेम्पोत घालून कुत्रं घाटापलीकडे सोडून येऊ. बऱ्याच माना हलल्या.

बाई उठल्या. पदर खोचला.

"कुत्रं जानार न्हाई. गोचीड जातील."

"आणि नाही गेले तर?" अण्णांनी विचारलं.

"तर मला बी त्याच टेम्पोत घाला. कुत्र्याशेजारी."

मीटिंग संपली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने त्यांना बैलांना लावायचं औषध आणून दिलं. बाईंनी बादलीभर कालवलं. डबलला साखळी लावली, आणि तेवढ्यात काय मनात आलं कोण जाणे, जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. फोनवरचं ओरडणं मला वरच्या खिडकीत ऐकू आलं. "बाई, ते ओतू नका! कुत्र्याला झेपणार नाही. त्याला घेऊन या इकडे!"

डॉक्टरांनी डबलला गोळी दिली. ती पुढेही वेळेवर देत राहायची होती. दिसतील ते गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे, बोटांनी चिरडायचे नाहीत, हेही समजावलं. शेवटी म्हणाले, "अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे तुमच्या भिंतीत आहेत. तिथेच अंडी घालतात. घर साफ झालं नाही, तर गोळी देऊन निम्मंच काम."

मग काय विचारता! आमच्या प्रत्येक दाराच्या जाळीवर रुपया वाजला. "बादल्या घ्या, खाली या." बाईंनी डबलचं गोणपाट जाळलं, स्वतःची बाज उन्हात टाकली, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. आम्ही जिना घासत होतो आणि त्या मागे उभं राहून कोपरे दाखवत होत्या. मला राग यायचा. त्यांना त्याचं काही नव्हतं.

जिन्याखालच्या अडगळीत अण्णांच्या जुन्या गाद्या होत्या. पहिली उचलली तर खालून भिंतीकडे नुसती रांग लागली. आम्ही सगळे अण्णांकडे पाहू लागलो. अण्णा कानकोंडे झाले. आता बाई सोडणार नाहीत, असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "अण्णा, गाद्या तुमच्या, गोचीड माझ्या कुत्र्याचे. धरा तिकडनं. दोघं मिळून बाहेर काढू." आणि दोघांनी गाद्या मागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवल्या.

भिंती स्वच्छ झाल्या, आणि डबलने खाणं सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. गोचिडाचा ताप. गोचीड गेले तरी ताप रक्तात ठेवून गेले होते. डॉक्टर म्हणाले, नगरला न्या, आजच्या आज.

रिकामी जीप मिळेना. बाईंनी ट्रंकेतला एस.टी.चा जुना खाकी शर्ट काढला, डबलला त्यात गुंडाळलं आणि स्टँडवर आल्या. मी सोबत होते. गाडीच्या दारात एक तरुण कंडक्टर मुलगी उभी होती.

"मावशी, कुत्रं न्हाई घेता येनार."

"ठाऊक हाय. मी तुझ्या जागी असते तर न्हाईच म्हनले असते."

"मग?"

"मग काय? आता मी तुझ्या जागी न्हाई." आणि त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

मुलीने त्या शर्टाकडे पाहिलं. आतून एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "घ्या की वो ताई. ते काय चावतंय? त्याचाच जीव चाललाय." मुलीने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर समोरच्या काचेतून रस्ता बघण्यात गुंग झाला.

"शेवटच्या सीटवर बसा," मुलगी म्हणाली. "कोनी वरडलं तर मला सांगू नका."

"मला कोन वरडतंय?"

खरंच, कोणी ओरडलं नाही. करंजी घाट चढताना बाईंनी डबलचा ओठ वर करून पुन्हा हिरडी पाहिली. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. इतक्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मीटिंगीत ठासून बोलले खरं. पन त्यांचं ऐकायचं न्हवतं म्हनून बोलले गं. ह्यो जगंल का, त्याचा इचारच केला न्हवता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि डबलच्या पोटावर ठेवला.

डबल जगला. सलाईन झालं, इंजेक्शनं झाली, गोळ्या तर कितीतरी आठवडे चालल्या. भर उन्हाळ्यात एका सकाळी तो आपल्या पायांनी जिना चढून अण्णांच्या दाराशी जाऊन बसला. अण्णांनी आधी चष्मा लावून त्याचे दोन्ही कान तपासले. मग आतून पोळी आणली.

पुढे बाईंच्या मुलीला बाळ झालं. ती सुप्याला राहते, नवराबायको दोघं कारखान्यात. आईने तिकडेच यावं असं ठरलं, पण मुलीच्या सासऱ्यांचा निरोप आला, बाळ आहे, कुत्रं आणू नका. बाई अंगणात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोलल्या. "बाळ सांभाळायला मी पाहिजे ना? मग दोघं येऊ. न्हाईतर कोनीच न्हाई."

निरोप बदलायला आठवडा लागला.

गेल्या वैशाखात टेम्पो आला. सामान चढलं. टेम्पोवाला म्हणाला, केबिनमध्ये कुत्रं बसवणार नाही. बाईंनी त्याच्याशी वादसुद्धा घातला नाही. डबलला उचलून मागे चढवलं, मग स्वतः चढल्या आणि बाजेच्या पायाला टेकून बसल्या. अण्णा वरून ओरडले, "अहो, ऊन लागेल! पुढे बसा!"

बाईंनी पदर डोक्यावरून घेतला. निम्मा डबलच्या डोक्यावर टाकला. टेम्पो नगर रोडला वळला तेव्हा त्या एका पदराखाली दोघं ताठ बसलेली होती, आणि दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.