चिकित्सा, छाननी आणि एक पावली

साल १९५४, दिवाळीचा पाडवा. रक्कम चार आणे. हजर सासरे, मी, माझी बायको, तिची मोठी बहीण आणि बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. ठिकाण सासऱ्यांचं कुंभार पिंपळगावचं घर.

चार आणे ही शब्दकोड्याच्या एका कूपनाची फी. साडूंनी जालन्याहून येताना साप्ताहिक आणलं होतं आणि फराळाची ताटं उचलल्यावर आम्ही कोडं सोडवायला बसलो. दुपारपर्यंत सगळी घरं भरली, तीन तेवढी राहिली. तिथला शब्द आजूबाजूच्या एकाही शब्दाला छेदत नव्हता, त्यामुळे एकही अक्षर हाताशी नव्हतं. सूचना अशी होती : ‘इंग्रजीत ज्याला ॲनॅलिसिस म्हणतात ते, वरवर पाहणाऱ्याला जमत नाही.’

तीन अक्षरांचे शब्द थोडे नव्हते. मी पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक मांडले. तपास चोरीचा होतो. चौकशी सोयरीक जमवताना करतात. पाहणी पिकाची, परीक्षा शाळेतली. समीक्षा आणि मीमांसा हे शब्द साडूंनी घातले. ते मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. सासऱ्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ते म्हणाले, “पारख लिवा. मेंढराचं तोंड उघडून दात बघत्यात, तेच की हे.”

साडू हसले. “मामा, संपादकाला मेंढरं घ्यायची न्हाईत.”

माझ्याकडे शब्द कमी होते असं नाही. तहकीकात, तफ्तीश, मुआयना, जांच, एवढे तर मला झोपेत सांगता आले असते. मी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलो, वर्गात पहिला यायचो. जिनिंग फॅक्टरीत हिशेबनिसाची जागा मला त्या उर्दूनंच दिली. साडू देऊळगाव राजाचे. तिथून जालना जवळ, पण तेव्हा राज्य दुसरं, शाळा मराठी. पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळा मराठी झाल्या, मास्तर कमी पडू लागले आणि साडू गुरुजी होऊन जालन्यात आले. तोवर सासरवाडीला कागद वाचायचा तर मला बोलावणं यायचं. त्यानंतर साडूंना येऊ लागलं. माझ्या पोटात दुखायचं ते तिथं. माझी हुशारी होती तेवढीच होती, फक्त ती चालेनाशी झाली होती.

मी म्हणालो, “छाननी लिहा. रोज हिशेबाची करतो, मला ठाऊक आहे.”

“साडूभाऊ, छाननी म्हणजे चाळणं. त्याला अर्थ पायजे, भाकरीचं पीठ न्हाई. चिकित्सा लिहू.”

“चिकित्सा वैद्य करतो. इथं कोणाला ताप आलाय?”

सासरे हसले तेव्हा मला बरं वाटलं. पण चार आणे त्यांचे होते आणि कूपन एकच जाणार होतं. मी सुचवलं, की सगळे शब्द वेगवेगळ्या कूपनांवर पाठवू, म्हणजे एक तरी लागेल. सासरे म्हणाले, “एवढा खर्चा कशाला? तुम्ही दोघं एक ठरवा. लागलं तर निम्मंनिम्म.”

आमचं ठरेना. मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती चुलीजवळून म्हणाली, “दाजी म्हणत्यात ते बराबर असंल.”

मी कागदाची घडी केली. “हाच शब्द जाणार असेल तर माझा हिस्सा धरू नका,” एवढं बोलून ओट्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी जेवलो नाही. अपचन झालं असं सांगितलं.

साडू तेव्हा खोली बदलत होते, म्हणून कूपनावर नाव-पत्ता माझा घातला, फॅक्टरीचा.

पुढच्या महिन्यात त्या पत्त्यावर अकरा रुपये सहा आण्यांची मनीऑर्डर आली. बिनचूक उत्तरं पुष्कळांची होती, तेव्हा वाटणीला एवढेच. पोस्टमननं सगळ्यांदेखत सही घेतली. शेठ गादीवरून म्हणाले, “मुनीमजी, तुम तो बडे पंडित निकले!” हमालही विचारू लागले, चिकित्सा म्हणजे काय. ‘शब्द माझा नाही’ असं मी प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येकाला तो माझा विनय वाटला.

त्याच रविवारी बायकोला घेऊन साडूंच्या नव्या खोलीवर गेलो. पैसे त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी निम्मे मोजून माझ्याकडं सरकवले. मी परत सरकवले. “शब्द तुमचा, पैसे तुमचे.”

“अवं, मामांनी निम्मं सांगितलंय.”

“मी हिस्सा सोडलाय.”

असं दोनदा झालं. तेव्हा बायको दारातून म्हणाली, “मंग माझे चार आणे कोण देणार?”

“कसले चार आणे?”

“छाननीचे.”

साडू मांडीवर थाप मारून हसले. “हिनं दुसरं कूपन धाडलं, साडूभाऊ. फक्त तेवढ्या तीन घरांत तुमची छाननी. भरून मीच दिलं. लई सुवाच्य लिवली, पण हात असा जड झाल्ता म्हणता!”

महिनाभर त्या दोघांना हे माहीत होतं आणि मला नव्हतं. मनीऑर्डरीच्या दिवशीसुद्धा मला इतकं लागलं नव्हतं. माझा शब्द गेला, तोही त्यांच्या अक्षरात.

परतताना बरीच वाट गेल्यावर मी विचारलं, “मग तिथं दाजींची बाजू का घेतलीस?”

“बाबांपुढं, अक्कापुढं नवऱ्याची बाजू घेऊ? घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. जन्मभर चिडवलं असतं.”

“शब्द पटला होता का?”

“छाननी मला समजत होती. चिकित्सा न्हाई.” दोन पावलं पुढं जाऊन ती म्हणाली, “आन तुमचं तोंड एवढंसं झाल्तं.”

यातलं आधी काय आणि मागून काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

साडूंना अकरा रुपये सहा आणे पूर्ण पोचले. घरी आल्यावर मी खुंटीवरच्या कोटातून चार आण्यांची एक पावली काढली आणि बायकोला दिली. ती तिनं घेतली.