निजामचाचांची भिंत

निजामचाचांच्या घरून कोणी निघालं की ते आधी त्या माणसाकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. रोहिणखेडात मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि ही भिंत त्यांच्या स्वयंपाकघरातली. तिच्यावर पळ्या, झारे, उलथनी, चिमटा, सांडशी, किसणी असं सगळं खिळ्यांना टांगलेलं, आणि प्रत्येक वस्तूच्या मागे त्याच वस्तूची काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली आकृती. पळी काढली की मागे काळी पळी उरायची. कुठं असं काळं दिसलं की चाचा दारात आडवे. "जागा खाली हाय. कोनी जायचं नाही." वस्तू सापडून खिळ्याला लागली की मग स्वतःच बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "भरली. जा आता, बिनघोर जा."

एकदा पिंपळगाव राजाला रबियाचाचींच्या भाच्याचं लग्न होतं. जीप दारात येऊन हॉर्न वाजवत होती, चाची जरीचा दुपट्टा घेऊन निघालेल्या, आणि भिंतीवर चिमट्याची जागा रिकामी. झालं! जीपमधली माणसं खाली उतरली आणि चिमटा शोधायला लागली. नवरदेवाची मावशी पलंगाखाली वाकली. शेवटी चिमटा गच्चीवर सापडला, वाळत घातलेल्या सांडग्यांपाशी. चाची जिन्यावरूनच ओरडल्या, "हे घर हाय का कारखाना? तिकडं निकाह होऊन जाईन, तरी या मानसाचा चिमटा संपनार नाही!" चाचांनी चिमटा पुसला, अडकवला आणि शांतपणे म्हणाले, "भरली. जा आता, बिनघोर जा." मी तेव्हा शाळेत होते. आमच्या ओट्यावरून हा सगळा तमाशा बघून माझी हसून पुरेवाट झाली होती.

आमचं घर त्यांच्या शेजारीच. बाबांचा मंडप-बिछायतीचा धंदा. लग्नाकार्याला भांडीही भाड्यानं द्यायचे, आणि प्रत्येक भांड्यावर आमचं नाव कोरलेलं असायचं, अगदी वाटीवरसुद्धा. यावरून बाबांची आणि चाचांची कायम जुंपायची. बाबा म्हणायचे, "नाव असलं की वस्तू कुठीबी गेली तरी घरी येते." चाचा म्हणायचे, "गेल्यावर येईन हो, गजाननभाऊ. पन गेली हे तुमाले कळते कवा? नाव कोरून काय होते? जागा पायजे." त्यांच्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं.

ही भिंत त्यांनी आणली होती थेट विमानाच्या कारखान्यातून. तरुणपणी आखातात विमानं दुरुस्त करायला गेले, तिथून विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीत लागले आणि नोकरी संपेपर्यंत त्याच कंपनीत राहिले; सुरुवातीच्याच एका सुटीत गावी येऊन त्यांनी ही भिंत रंगवली. जगात कुठंही कंपनीचं विमान अडून बसलं की चाचांना बॅग घेऊन जावं लागे. तिथं हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती असते. काम संपल्यावर एकही आकृती उघडी दिसली तर हत्यार आतच राहिलं असेल म्हणून विमान जागचं हलत नाही. "पहिल्याच वर्षी एक पाना हरपला," चाचा सांगायचे. "सारे जमिनीवर रांगून राह्यले. अन् पाह्यतो तं काय, सगळ्यात मोठा साहेब टाय पाठीवर टाकून विमानाखाली रांगते! मी म्हनलं, निजाम, आता हे कंपनी सोडाची नाही."

मी इंजिनियर झाले आणि हैदराबादेत विमानांचे दरवाजे बनवणाऱ्या एका कारखान्यात मला काम मिळालं. दरवाजे जाणार होते चाचांच्याच कंपनीला. मी हवेत तरंगत होते. पण बाबा अडून बसले. लांब गाव, अनोळखी माणसं, आणि मुळात विमानाच्या कारखान्यात पोरगी काय करणार, हेच त्यांना उमगेना. आई म्हणाली, "निजामभाईले बोलवा." चाचा आले, आमच्या गोदामात गुंडाळलेल्या सतरंजीवर बसले, आणि त्या दिवशी मी त्या कंपनीचा सगळा कारभार पहिल्यांदा समजून घेतला. कॉलेजातही हे वाचलं होतं, पण तिथं मला फक्त पाठ झालं होतं.

"तुमच्या धंद्यासारखंच हाय पा, गजाननभाऊ," चाचांनी सुरुवात केली. "लगन रोहिणखेडात, मांडव तुमचा, आचारी मोताळ्याचा, बॅन्ड पिंपळगाव राजाचा, घोडा खामगावचा. विमानाचं बी तसंच. पंख एका देशात बनते, पोट दुसऱ्या देशात, शेपूट तिसऱ्या. दारं आपल्या हैदराबादेत. सारे एका जागी येतात अन् तिथं जुळवनी होते. एकाची गाडी फसली तं सारी वरात उभी."

"अन् इंजिन?" बाबांनी विचारलं.

"इंजिन त्याईचं नसते. ते दुसरी कंपनी देते."

"घ्या! पंख दुसऱ्याचे, दारं दुसऱ्याचे, इंजिन बी दुसऱ्याचं. मंग हे कंपनी बनवते तरी काय, भाऊ?"

"जुळवते. अन् काही झालं तं जबाब तिले द्या लागते. तुमच्या मांडवात भात कच्चा राह्यला तं लोकं आचाऱ्याले बोलतात का तुमाले?"

"मले," बाबा म्हणाले. आदल्याच महिन्यात एका लग्नात त्यांनी ते भोगलं होतं.

मग चाचांना रंग चढला. "बारक्या विमानात एकच गल्ली, दोहो बाजूनं खुर्च्या. हे आपली काळी-पिवळी समजा. मोताळा-मलकापूर, मलकापूर-मोताळा, दिवसभर चालू. सगळ्यात जास्त हेच विकतात, अन् नंबर लावून वर्सान् वर्स थांबा लागते. मोठ्या विमानात दोन गल्ल्या. ते लांबची ट्रॅव्हल्स, एका दमात समुद्रापार. मालाचे येगळे. प्रवासी विमान म्हातारं झालं की त्याच्या खुर्च्या काढतात अन् त्यात बी माल भरतात, वाया काहीच जात नाही. हेलिकॉप्टरचं खातं येगळं, वर फिरनाऱ्या उपग्रहाचं येगळं. फौजेचं तं बोलूच नका. त्यात एक असं विमान हाय, ते उडता उडता दुसऱ्या विमानाले तेल पाजते."

"हे आता जास्त होऊन राह्यलं, निजामभाई," बाबा म्हणाले.

"अल्ला कसम. मी सोता पाह्यलं. पन खरी बरकत कुठी हाय सांगू? विकल्यावर. पोरगी देल्ली म्हंजे संबंध संपला का? उलट तवाच सुरू होते. सुटे भाग, दुरुस्ती, पायलटाचं शिक्षन, जलमभर चालते. मी त्याच खात्यात होतो."

पोरगी दिल्याचं ऐकून आईनं डोळ्याला पदर लावला. बाबा बराच वेळ सतरंजीची दशी ओढत बसले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. पन काही झालं तं जबाब तुले द्या लागीन, ध्यानात ठेव." निघताना चाचांनी मला एवढंच सांगितलं, "शीतल, हातात स्क्रू असो का कागद, आधी इचारायचं, कोन बसनार हाय त्यात? बाकी तुले मंग आपोआप समजते."

कारखान्यात मी अजून कायम झाले नव्हते. वर्षभर काम बघणार आणि मग ठरवणार, असं होतं. बाबांनी गावभर पेढे वाटलेले, त्यामुळे परत यायची सोयच नव्हती. त्या वर्षाच्या शेवटाला एक दिवस असा आला की दरवाजा तयार होऊन लाकडी पेटीत बंद झाला होता, ट्रक फाटकात उभा होता, आणि माझ्या टेबलावरच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये एक खाच रिकामी दिसली. स्क्रू घट्ट करायच्या यंत्राचं टोक, करंगळीच्या पेराएवढं. टेबल माझं, म्हणजे सगळी हत्यारं जागेवर आहेत ही सही माझी. आम्ही फरशी झाडली, कचरा चाळला, बूट उलटे केले. टोक मिळेना. सुपरवायझर चांगला माणूस होता, पण ट्रकवाला त्याच्या डोक्यावर बसला होता. "कचरे में गया होगा," तो म्हणाला. "साइन कर दो, शीतल. तुम्हारे कन्फर्मेशन का टाइम है."

मी बाहेर येऊन चाचांना फोन लावला. त्यांचं हृदय तेव्हा साथ सोडायला लागलं होतं, बोलताना दम लागायचा. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू?  चाचा म्हणाले, "मले काऊन इचारून राह्यली? जो त्यात बसनार हाय, त्याले इचार." आणि फोन ठेवून दिला. इतका राग आला मला! मला खरं तर कोणीतरी सही कर म्हणावं असं वाटत होतं. तिथंच पायरीवर बसले. मग डोळ्यांपुढे चाचीच आल्या, जरीचा दुपट्टा सावरत सांडग्यांतून चिमटा उचलणाऱ्या. उद्या या दारामागे त्याच बसलेल्या असल्या तर? मी आत गेले आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं.

पेटी उघडली. दरवाज्याचं अस्तर काढलं, एकेक कोपरा आरशानं तपासला. टोक तिथं नव्हतं. ट्रक रिकामा गेला आणि माझ्याशी कोणी धड बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातलाच एक फिटर, वेंकटेश, ते टोक तळहातावर घेऊन आला. त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलं होतं, बायकोला धुताना मिळालं. पोराचा चेहरा पार उतरला होता. माझाही उतरला, कारण एवढा गोंधळ करून दरवाजा निर्दोषच निघाला होता.

"मग उगाचच झालं ना सगळं?" मी चाचांना फोनवर म्हणाले.

"खिशात होतं हे तुले खिशात सापडल्यावर कळलं नं?" चाचा म्हणाले. "अन् त्या पोराले माह्याकडून सलाम सांग. नालीत फेकून मोकळा झाला असता तं कोनाले कळलं असतं? त्यानं आनून देल्लं. त्याले कोनी रागावू नका, नाहीतं उद्या कोनी आननार नाही."

मी तो निरोप जसाच्या तसा सुपरवायझरला सांगितला. वेंकटेशला कोणी रागावलं नाही. माझं कायम होणं मात्र लांबलं. त्या रिकाम्या ट्रकमुळे की आणखी कशानं, ते मला आजवर कळलेलं नाही. पण झाले. आज नव्या मुलांना ट्रे कसा तपासायचा ते मीच शिकवते. आणि खरं सांगायचं तर मी शिकवत असते ती रोहिणखेडातली भिंत. एवढं मोठं देणं दिलं त्या माणसानं, आणि मी त्यांना साधं तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तरी त्यांनी भिंतीकडेच बघितलं असतं म्हणा.

चाचा गेले ते हिवाळ्यात. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक जेवण पोचवतात. आमच्या घरून वरणभात, समोरच्या काकूंकडून भाकरी-पिठलं, गल्लीतून आणखी काय काय. डबे येत होते, जात होते. चाची आतल्या खोलीत बसून होत्या. कोणाशी बोलत नव्हत्या, घास तोंडात घेत नव्हत्या. सुना घाबरून गेल्या होत्या. मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. निघताना मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "चाची, येते मी." त्यांनी माझा हात धरला. मग माझ्या खांद्यावरून उघड्या दारातून पलीकडे, स्वयंपाकघरात बघितलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"थांब. जागा खाली हाय."

मोठ्या पळीची जागा काळी दिसत होती. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. "अम्मी, मिलेगी बाद में," धाकटी म्हणाली. "नाही," चाची म्हणाल्या. "कोनी जायचं नाही." चाळीस वर्षं ज्या भिंतीला त्या बाईनं शिव्या घातल्या, तिच्यासाठी आता ती हटून बसली होती. सगळ्या बायका उठल्या. डबे उघडले, मोरी पाहिली, पोरांना घरोघर पिटाळलं. समोरच्या काकू स्वतःच्या घरातला सगळा पसारा काढून बसल्या. माझी मोताळ्याची एसटी निघून गेल्याचं आवाजावरूनच कळलं.

तेवढ्यात आईनं कपाळावर हात मारला. वरणाचं पातेलं तिनं रिकामं करून परत नेलं होतं, वाढायला घेतलेल्या त्यांच्या पळीसकट, आणि बाबांनी ती पळी धुऊन भाड्याच्या भांड्यांच्या पोत्यात टाकली होती. मी धावत गोदामात गेले. बाबांनी पोतं जमिनीवर उपडं केलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक पळी उलटून बघायला लागले. हिच्यावर नाव, तिच्यावर नाव, आमचंच नाव.  शेवटी एक कोरी पळी त्यांच्या हातात आली. त्यांनी तिच्या दांड्यावरून अंगठा फिरवला, नाव नाही याची खात्री करून घेतली, आणि तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. "खरं बोलत होता मानूस," म्हणाले. "गेली हे आपल्याले कळलंच नव्हतं."

पळी घेऊन आम्ही दोघं गेलो. बाबा बाहेर ओट्यावरच थांबले. मी आत जाऊन ती खिळ्याला अडकवली. काळी आकृती तिच्यामागे पुरती झाकली गेली. चाचींनी बसल्या जागेवरून सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, अगदी चाचा फिरवायचे तशी. मग त्यांनी जवळ बोलावून माझा हात पुन्हा एकदा धरला, आणि सोडला.

"भरली," त्या म्हणाल्या. "जा आता, बेटा. बिनघोर जा."

आणि धाकट्या सुनेकडे वळून त्यांनी जेवायला वाढायला सांगितलं.